शीट आणि मशीनच्या मधला माणूस

डिसेंबरच्या शेवटी एमबीएच्या कॅट परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात मी साताऱ्याला ताईकडे होतो. भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, त्याला ९४ पर्सेंटाइल पडले. रात्री जेवणं उरकली आणि विषय निघालाच. त्याचे थोरले काका म्हणाले, एमबीएच करायचं होतं तर चार वर्षं इंजिनिअरिंगची सीट कशाला अडवली, सरळ बी.कॉम. करायचं होतं. धाकटे काका म्हणाले, अहो दादा, मेकॅनिकलवाल्याला कंपनीत वीस-बावीस हजारावर घेतात, एमबीए केलं की लाखांत पॅकेज, यात विचार काय करायचाय. बारा वाजेपर्यंत हेच चाललं होतं आणि भाचा मधे बसून एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. गेली कितीतरी वर्षं हीच दोन वाक्यं मी लग्नकार्यात ऐकतोय, पेपरात वाचतोय, मित्रांच्या तोंडून ऐकतोय. एका बाजूला देशाची सीट वाया गेल्याचं दुःख, दुसऱ्या बाजूला पॅकेजचा आकडा. इंजिनिअर रोज कामाला जातो तिथं त्याचं नेमकं कशावाचून अडतं, हे दोन्ही बाजूंनी कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरने एमबीए करावं, आवर्जून करावं, पण चार-पाच वर्षं हात काळे करून झाल्यावर. कारखाना असो, पूल असो, धरण असो, तिथले मोठे निर्णय शेवटी पैसा, माणसं आणि करार या तीन गोष्टींवर ठरतात, आणि ते ठरवणाऱ्या टेबलाशी ज्याला मशीन कळतं असा माणूस बसलेला असायला हवा. नुसता बसून उपयोग नाही, त्याला तिथली भाषा बोलता यायला हवी. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती भाषा शिकवत नाहीत, म्हणजे इंडस्ट्रियल मॅनेजमेंट नावाचा एखादा पेपर असतो, तो आपण सगळ्यांनी आदल्या रात्री वाचून काढलेला असतो.

हे मला कसं कळलं ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. मी चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला होतो, नाव महत्त्वाचं नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरचा एक स्प्लाइन शाफ्ट, म्हणजे खाचा पाडलेला दांडा, चालायचा, फोर्जिंग म्हणजे घडवलेला कच्चा नग बाहेरून यायचा, टर्निंग, हॉबिंग, इंडक्शन हार्डनिंग आणि ग्राइंडिंग आमच्याकडे. महिन्याला साधारण ८,००० नग. वर्षअखेरच्या रिव्ह्यूला अकाउंट्सने शीट मांडली. विक्री किंमत १८० रुपये, कॉस्ट १९५ रुपये, म्हणजे नगामागे १५ रुपये तोटा, महिन्याला १ लाख २० हजार पाण्यात. (आकडे मी गोल करून देतोय, हिशोब तोच आहे.) कस्टमर भाव वाढवून द्यायला तयार नव्हता, उलट दरवर्षीप्रमाणे भाव कमी करून मागत होता. ठरलं, पार्ट बंद करायचा. मी त्या मीटिंगमध्ये होतो. मला माहीत होतं की आमचं खाचा पाडणारं हॉबिंग मशीन तसंही सेकंड शिफ्टला अर्धा वेळ बंद उभं असतं, हा पार्ट काढला तर ते अजून उभं राहणार, दुसरं काही यायचं नाहीये. मनात काहीतरी चुकतंय असं येत होतं पण काय चुकतंय ते सांगता येईना. मी म्हणालो, सर मशीन रिकामं राहील. साहेब म्हणाले, तोट्यात चालवण्यापेक्षा रिकामं बरं. मी गप्प बसलो.

मग पुढं दोन वर्षांनी पार्ट टाइम एमबीएला कॉस्ट अकाउंटिंगच्या तासाला सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं आणि मला अक्षरशः तो शाफ्ट दिसला. त्या १९५ मध्ये फोर्जिंग, टूल, वीज, ऑइल, नगावर मिळणारी मजुरी असा नग बनवला तरच होणारा खर्च होता १४५. उरलेले ५० रुपये ओव्हरहेड होते, म्हणजे शेडचं भाडं, साहेबांचे पगार, मशीनचा घसारा, जे शाफ्ट बनवा नाहीतर बनवू नका, होणारच होते. म्हणजे प्रत्येक नग त्या खर्चात ३५ रुपयांची भर टाकत होता (यालाच कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात), महिन्याला २ लाख ८० हजार. आम्ही सव्वा लाखाचा तोटा थांबवला असं समजून पावणेतीन लाखांची मिळकत बंद केली. आणि तेवढ्यावर थांबलं नाही, कारण शाफ्टच्या वाट्याचं महिन्याचं ४ लाखांचं ओव्हरहेड उरलेल्या पार्टवर वाटलं गेलं, त्यांची कॉस्ट चढली, पुढच्या वर्षी आणखी दोन पार्ट तोट्यात दिसायला लागले. आता यात अकाउंट्सवाल्यांना मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. मशीन फुल असतं, त्यावर दुसरा जास्त मिळकतीचा पार्ट बसणार असता, तर त्यांचाच निर्णय बरोबर होता. पण मशीन रिकामं आहे की फुल हे शीटला माहीत नव्हतं, आणि जे मला माहीत होतं ते रुपयांत कसं मांडायचं हे मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे शीट होती, माझ्याकडे मशीन होतं, मधे कुणीच नव्हतं. त्या लाइनवरच्या अकरा कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना दुसऱ्या महिन्यात गेटपास परत करायला लागले, हे मला अजून टोचतं.

आता कुणी म्हणेल, हे मॅनेजमेंट म्हणजे अमेरिकेतून आलेलं फॅड, इंजिनिअरचा त्याच्याशी काय संबंध? तर हा इतिहासच उलटा आहे. मॅनेजमेंट या विषयाचं माहेर इंजिनिअरिंग आहे. १८८६ मध्ये हेन्री टाऊन नावाच्या कुलपं बनवणाऱ्या इंजिनिअरने अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेपुढे एक निबंध वाचला, त्याचा विषयच होता अर्थतज्ज्ञ म्हणून इंजिनिअर. त्याचं म्हणणं असं की कारखाना चालवणं हे मशीन बनवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि त्याचा अभ्यास इंजिनिअरांनीच करायला हवा. तेव्हा हार्वर्डचं बिझनेस स्कूल जन्माला यायला अजून २२ वर्षं होती. त्यानंतर आलेला फ्रेडरिक टेलर पोलाद कारखान्यातला इंजिनिअर, आपण आजही प्रोजेक्टला ज्याचा चार्ट लावतो तो हेन्री गँट मेकॅनिकल इंजिनिअर, मॅनेजमेंटच्या कामांची प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग अशी यादी देणारा हेन्री फेयॉल फ्रान्समधला खाणींचा इंजिनिअर. काम मोजणाऱ्या टेलरच्या स्टॉपवॉचने कामगारांचं काय झालं यावर वेगळा लेख होईल, तो माणूस मला आवडतो असं नाही, पण मुद्दा असा की प्रश्न शॉपफ्लोअरवर पडले होते आणि ते सोडवायला बसलेले लोक शॉपफ्लोअरचेच होते. आपल्याकडेही बघा. अहमदाबादला कापड गिरण्यांसाठी संशोधन संस्था, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि १९६१ साली आयआयएम, या तिन्हींच्या उभारणीत विक्रम साराभाईंचा मोठा वाटा होता. ज्या माणसाने पुढे देशाचा अवकाश कार्यक्रम सुरू केला त्याला रॉकेटइतकीच मॅनेजमेंटच्या शाळेची गरज वाटली, ते उगाच वाटलं असेल का?

बरं, थोरल्या काकांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. एमबीए केलेले बरेच इंजिनिअर परत कारखान्यात येत नाहीत, कन्सल्टिंगला जातात, बँकेत जातात, साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांत जातात, हे खरं आहे आणि याचं मलाही वाईट वाटतं. आयआयटीतल्या किंवा सरकारी कॉलेजातल्या सीटमागे लोकांचा पैसा असतो हेही खरं. पण दोन गोष्टी बघा. एक, १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून महाराष्ट्रातली बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं आईबापाच्या पैशावर, नाहीतर शेताचा तुकडा विकून, कर्ज काढून शिकतायत. त्यांना देशाची सीट अडवली म्हणणं हा अन्याय आहे. दुसरं म्हणजे इंजिनिअर इंजिनिअरिंगपासून तुटतो तो एमबीएमुळे का? मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलची पोरं कॅम्पसमधूनच सॉफ्टवेअरला जातात, एमबीएचं नावही न काढता, आणि त्यावर घरात पेढे वाटले जातात. कोअर, म्हणजे आपल्याच शाखेच्या, कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेल्या पोराला तीन-तीन वर्षं तोच पगार आणि तोच रिजेक्शनचा रिपोर्ट भरायला लावायचा, आणि तो गेला की देशाचं नुकसान झालं म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि सतराव्या वर्षी बारावीच्या मार्कांवर कुणीतरी शाखा ठरवली ती जन्मभराची बेडी कशी काय होते?

याहून वजनदार मुद्दा दुसराच आहे, तो असा की खरे मोठे इंजिनिअर कुठे एमबीए होते? पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले विश्वेश्वरय्या नव्हते. कोकण रेल्वे उभारणारे श्रीधरन नव्हते. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करणारे नारायण मूर्ती नव्हते. मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्यांनी केलं काय ते नीट बघा. विश्वेश्वरय्यांचं नाव निघालं की आपण खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे सांगतो. त्याच माणसाने नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, म्हणजे पाण्याखालचं क्षेत्र गटांत वाटायचं आणि पाळीने पिकं फिरवायची, जेणेकरून ठरावीक लोकांनी उसाला वारेमाप पाणी न ओढता ते जास्त गावांपर्यंत पोचावं. यात सिमेंट किती लागलं? हा सगळा माणसांचा, पिकांचा, पाणीपट्टीचा आणि भांडणांचा हिशोब होता. पुढे म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी १९१३ साली बँक काढली. कोकण रेल्वेचंही तेच. आपण बोगदे आणि पूल मोजतो, पण ती लाइन इतकी वर्षं रखडली होती ती पैशावाचून. १९९० साली स्वतंत्र कंपनी काढली, त्यात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ असा हिस्सा ठरला, बाकी पैसा लोकांकडून बाँड काढून उभा केला आणि १९९८ साली गाडी धावली. नुसता बोगदा कसा खणायचा एवढंच येणाऱ्या माणसाला हे चालवता आलं असतं का? म्हणजे या मंडळींकडे डिग्री नव्हती पण विद्या होती, आणि ती त्यांना वर्षानुवर्षं वरच्या खुर्च्यांजवळ काम करायला मिळाल्यामुळे आली.

आणि इथंच मला कळवळून एक गोष्ट सांगायची आहे. अनुभवातून शिकता येतं हे कुणाच्या बाबतीत खरं आहे? ज्याच्या घरात जेवताना उधारी-वसुलीच्या, बँकेच्या लिमिटच्या, व्हॅटच्या आणि आता जीएसटीच्या गप्पा चालतात त्याला हे सगळं वरण-भाताबरोबर मिळतं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आमच्या घरात पगार आणि खर्च एवढंच गणित होतं. बॅलन्सशीट मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा नीट बघितली, वर्गात. गावातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच इंजिनिअरला कंपनीत कोण हाताला धरून शिकवणार? सुपरवायझर पदापर्यंत तो कष्टावर जातो आणि तिथंच पंधरा वर्षं राहतो, आणि त्याच्या डोक्यावर ज्याला शाफ्ट आणि गिअर वेगळा ओळखता येत नाही असा माणूस येऊन बसतो. अशा पोराला अनुभवातून शिक म्हणणं म्हणजे बाहेर उभं राहूनच शिक म्हणण्यासारखं आहे. त्याच्यासाठी एमबीए हा दरवाजा आहे, आणि शिक्क्यामुळे दरवाजा उघडतो हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

भोसरीत माझे दोन-तीन मित्र स्वतःचे वर्कशॉप चालवतात, हाताला असा काही गुण की मायक्रॉनमध्ये काम करतील. त्यातला एक मला तीन वर्षांपूर्वी म्हणाला, सीए म्हणतो सात लाख नफा झाला, मग माझ्या खात्यात सात हजार का नाहीत? माल गेला होता, बिलं झाली होती, पेमेंट मोठ्या कंपनीकडे चार-चार महिने अडकलं होतं आणि हा नवीन मशीनचा हप्ता भरत होता. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे, आणि आता एप्रिल २०२४ पासून वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. ४५ दिवसांचा कायदाही त्याला तेव्हा माहीत नव्हता. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केलेलं, पण बिलावर नंबर छापलेला नाही. उत्तम इंजिनिअर, पण वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, या दोन शब्दांपायी झोप उडालेला. याला काय अजून एक सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स करायला सांगायचा?

आता विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा. मॅनेजमेंटवाल्यांनी इंजिनिअरिंगचा गळा घोटला याची उदाहरणं आहेत आणि ती भयंकर आहेत. नासाच्या चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग दगा देतील, उड्डाण पुढं ढकला. तेव्हा वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या व्हाइस प्रेसिडेंटला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने ती घातली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात माणसं गेली. बोइंगचंही सांगतात, १९९७ च्या मॅकडोनेल डग्लस कंपनीबरोबरच्या विलीनीकरणानंतर आणि २००१ मध्ये हेडऑफिस सिॲटलच्या कारखान्यांपासून शिकागोला नेल्यानंतर कंपनीत इंजिनिअरांपेक्षा आकड्यांची सत्ता आली आणि ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत ३४६ माणसं मेली. हे वाचून कुठल्याही इंजिनिअरचं रक्त तापतं, माझंही तापतं. पण यातून एमबीए नको असा धडा निघतो का? त्या रात्री ज्याने टोपी बदलली तो स्वतः इंजिनिअरच होता. मॅक्सच्या अपघातांच्या वेळी बोइंगचे प्रमुख डेनिस म्युलनबर्ग होते, शिक्षणाने एरोस्पेस इंजिनिअर. म्हणजे वर इंजिनिअर बसवला की सगळं सुरक्षित, असंही होत नाही. मला त्या वाक्यात खरी खोट दिसते ती ही की टोप्या दोन आहेत आणि एका वेळी एकच घालायची, हे त्या खोलीत सगळ्यांनी धरून चाललं होतं. उड्डाण लांबवण्याची किंमत आणि ओ-रिंग फुटण्याची किंमत एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडणारा, आणि कस्टमरपुढे, वरिष्ठापुढे ती रेटून धरणारा माणूस तिथं हवा होता. तसा माणूस तयार करायचा तर त्याला दोन्हीकडचं शिक्षण लागेल, एकीकडचं काढून घेऊन तो कसा तयार होईल?

एवढं बोलल्यावर एमबीएच्या बाजाराबद्दलही खरं बोललं पाहिजे. गल्लोगल्ली निघालेल्या कित्येक कॉलेजांत शिकवायला धड माणसं नाहीत. पीपीटी वाचून दाखवणं, एखाद्या बँकेच्या शाखेत दोन महिने फॉर्म भरून घेण्याला इंटर्नशिप म्हणणं, आणि शेवटी क्रेडिट कार्ड विकायची नोकरी. मी जिथं शिकलो तिथं दोन प्राध्यापक अप्रतिम होते आणि निम्मे विषय मी स्वतःच पुस्तकातून केले. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी आता २५ लाखांच्या आसपास किंवा वर आहे. २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिना ३३ हजारांचा हप्ता बसतो, आणि हा हप्ताच मुलाला कारखान्यापासून लांब, जास्त पगाराच्या कन्सल्टिंगकडे ढकलतो. धाकट्या काकांनी पॅकेज सांगितलं, हप्ता सांगितला नाही. आणि सगळ्यात मोठी चूक मला वाटते ती वेळेची. अमेरिकेत लोक सहसा चार-पाच वर्षं नोकरी करून एमबीएला जातात, आपल्याकडे बीईच्या निकालाची शाई वाळायच्या आत. ज्याने कधी शिफ्ट लावली नाही, युनियनच्या माणसासमोर बसला नाही, रात्री दोनला ब्रेकडाऊन काढला नाही, तो वर्गात कारखाना बंद करावा की नाही या केसवर वीस मिनिटं बोलतो. त्याला कॉन्ट्रिब्यूशनचं सूत्र पाठ होईल, पण त्याला त्यात कुठला शाफ्ट दिसणार? आपल्याकडेही आता अनुभव मागणारे कोर्स आहेत, आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा कोर्स २००६ पासून चालू आहे, इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी) आहे, नोकरी सांभाळून करायचे पार्ट टाइम आहेत. पोरं तिकडे उशिरा बघतात कारण घरचे म्हणतात एकदाच काय ते शिकून घे, मग लग्न करायचंय.

मग एवढंच असेल तर कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक घेऊन घरी वाचावं की, असं एका ज्युनिअरने मला विचारलं होतं. वाच, जरूर वाच, काहींना तेवढं पुरेल. मला पुरलं नसतं. इंजिनिअरिंगने मला एका प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते मागच्या पानावर असतं ही सवय लावली होती. वर्गात माझ्या शेजारी एक बँकेतल्या बाई होत्या, एक हॉस्पिटलचा स्टोअर सांभाळणारा होता, एक सहकारी साखर कारखान्यातला लेबर ऑफिसर. एकाच केसवर चौघांची चार उत्तरं यायची आणि चारही बरोबर वाटायची. त्या लेबर ऑफिसरने मला ज्या दिवशी विचारलं की तुमची ऑटोमेशनची योजना छान आहे पण त्या सहा माणसांचं काय करणार ते कुठल्या कॉलममध्ये लिहिलंय, त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्याच ड्रॉइंगकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं. हे पुस्तकातून येत नाही.

त्या रात्री साताऱ्यात सगळे झोपल्यावर भाचा गच्चीवर आला, म्हणाला, मामा, तू सांग काय करू. मी त्याला म्हणालो, या वर्षी कुठलाच फॉर्म भरू नकोस, ९४ वर मिळेल त्या कॉलेजला वीस लाख घालू नकोस, आधी कारखान्यात जा, चार-पाच वर्षं जिथं सगळ्यात जास्त शिव्या बसतात तिथं काम कर आणि जिथं जिथं पैशाच्या भाषेत तुझी बोलती बंद होईल ते वहीत लिहून ठेव, मग ती वही घेऊन एमबीएला जा. ताई माझ्यावर अजून थोडी नाराज आहे. भाचा जुलैपासून रांजणगावला मेंटेनन्सला आहे, सेकंड शिफ्ट सुटली की कधीतरी फोन करतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला, मागे कंप्रेसरचा आवाज चालू होता. म्हणाला, मामा, आमच्या शेडमध्ये हवेच्या लाइनला नऊ ठिकाणी लीकेज आहे, मी साबणाचं पाणी लावून मोजले, साहेब म्हणतात राहू दे हवाच आहे. ही हवा महिन्याला किती रुपयांना पडते ते कसं काढायचं? मी म्हटलं, आधी कंप्रेसरची मोटर किती किलोवॅटची आहे ते बघ, आणि रविवारी प्लांट बंद असताना तासाभरात तो किती मिनिटं लोड घेतो ते घड्याळ लावून लिहून आण.